पाव कोणी भाजला? एका साध्या प्रश्नाचा चारशे वर्षांचा इतिहास

#धागा #इतिहास #खाद्यसंस्कृती

१/ वडापाव हे मुंबईचे आणि बहुतांश महाराष्ट्राचे आवडते खाणे. त्यातील बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातली आणि पाव पोर्तुगीजांसोबत आलेला. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. एवढे बहुतेक इतिहासप्रेमींना ठाऊक असते. त्यामानाने विसरली गेलेली गोष्ट अशी की, आज स्टेशनबाहेर उभे राहून कोणताही विचार न करता खाल्ला जाणारा हा पाव एके काळी माणसाला जातीबाहेर काढण्यास पुरेसा होता. हा धागा त्या प्रवासाचा आहे.

२/ प्रथम एक गैरसमज दूर करू. पाव पायांनी तुडवून मळतात म्हणून 'पाव', किंवा चार तुकड्यांतला एक म्हणून 'पाव', अशा व्युत्पत्त्या सर्रास सांगितल्या जातात. 'पाव किलो'मधला पाव संस्कृत 'पाद' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ चौथा हिस्सा. खाण्याचा पाव पोर्तुगीज 'पांव' या शब्दावरून आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकरी. दोन्ही शब्दांचा उच्चार मराठीत योगायोगाने सारखा झाला. पायांनी तुडवण्याची व्युत्पत्ती मात्र निरागस नाही. पाव करणाऱ्याविषयी वाटणारी किळस तिच्यात दडलेली आहे. त्या किळसेचा इतिहास पुढे येईलच.

३/ १५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकले. पोर्तुगीज सैनिक, खलाशी, व्यापारी आणि पाद्री तेथे स्थिरावू लागले. कोकणपट्टी ही भाताची भूमी. पेज, भात आणि मासळी हे तिचे अन्न. गहू येथे पिकत नसे, तो बाहेरून आणावा लागे. तरीही नव्या राज्यकर्त्यांना गव्हावाचून चालणारे नव्हते. पोर्तुगीज माणसाच्या जेवणात पावाचे स्थान कोकणी माणसाच्या जेवणातील भाताइतकेच पक्के होते. शिवाय दुसरे कारण धार्मिक होते.

४/ कॅथलिक मिस्साविधीत प्रसाद म्हणून दिली जाणारी पातळ चकती गव्हाचीच असावी, असा चर्चचा दंडक आहे. तांदूळ किंवा नाचणी तेथे चालत नाही. त्यामुळे जेथे चर्च उभे राहिले तेथे गव्हाचे पीठ पोचणे क्रमप्राप्त होते. ही चकती न आंबवलेली असते. रोजच्या जेवणाचा पाव मात्र फुगलेला हवा. आणि येथेच अडचण होती. युरोपात मद्य गाळताना वर येणारा फेस किंवा आदल्या दिवशीचे आंबलेले पीठ वापरून पाव फुगवत. कोकणच्या उष्ण, दमट हवेत त्यासाठी काय वापरावे?

५/ उत्तर माडावर होते. नारळाच्या पोईला छेद देऊन गोळा केलेला रस म्हणजे सूर, आपली माडी. झाडावरून उतरवल्यावर काही तासांतच ती नैसर्गिक यीस्टमुळे आंबू लागते. ही माडी पिठात घातली की तेच यीस्ट पिठातील साखरेवर जगते, वायू सोडते आणि पीठ फुगते. अशा रीतीने गोव्याचा पाव घडला. त्याची कल्पना पोर्तुगीज, गहू बाहेरचा, पण त्याला फुगवणारी माडी स्थानिक रेंदेराने, म्हणजे माडी काढणाऱ्याने, रोज माडावर चढून आणलेली. पाव गोव्यात आयात झाला असे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे.

६/ परंपरेनुसार गोव्यातील सासष्टी तालुक्यात जेझुइट पाद्र्यांनी स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना पाव भाजण्याचे कसब शिकवले आणि माजोर्डा हे गाव त्या व्यवसायाचे मूळ मानले जाते. पाव करणाऱ्याला पोर्तुगीज भाषेत 'पादेइरो' म्हणत. कोकणीत त्याचा झाला 'पोदेर'. पहाटे आणि संध्याकाळी पोदेर टोपलीत पाव घेऊन गावभर फिरे. पूर्वी तो हातातली घुंगरांची काठी आपटत येई. पुढे सायकल आली आणि तिच्यावरचा रबरी भोंगा त्याची ओळख बनला.

७/ त्याच्या टोपलीत एकच पाव नसे. मऊ, चौकोनी, एकमेकांना चिकटलेले पाव. कोंडा मिसळलेल्या पिठाची, आतून पोकळ अशी पोई. कडक कवचाचा, मधोमध चीर असलेला उंडो. कातरीने कापून फुलपाखरासारखा आकार दिलेला कात्रो पाव. आणि चहात बुडवून खाण्याचे कडक, बांगडीसारखे कांकण. पिठाचे प्रमाण, भट्टीतला वेळ आणि हाताची एक वेगळी हालचाल एवढ्यावर हे सारे भेद उभे राहत. सणासुदीला त्याच ओळीत खोबऱ्याची बोलिन्यास आणि थरावर थर रचून भाजलेले बिबिंक येऊन बसत.

८/ आता मुख्य प्रश्न. या पावात असे काय होते की त्याची धास्ती वाटावी?

जातिव्यवस्थेचे दोन मोठे कणे म्हणजे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या घरी मुलगी द्यावी, या दोन प्रश्नांची उत्तरे जात ठरवत असे. अन्नातही प्रतवारी होती. कोरडे धान्य, फळे, दूध किंवा तुपात तळलेला पदार्थ यांबाबत नियम सैल होते. पाण्यात भिजवून शिजवलेल्या अन्नाबाबत ते अत्यंत कडक होते.

९/ या कसोटीवर पाव प्रत्येक पायरीवर नापास होई. पीठ पाण्यात भिजवलेले. त्यात माडी, म्हणजे मद्य. मळणारा हात ख्रिस्ती माणसाचा. आणि तो घरात न शिजता बाजारातल्या भट्टीत भाजला जाई, जेथे सोवळ्याची कल्पनाही करता येत नसे. पावाची चव कोणालाच खटकली नव्हती. खटकत होता तो एकच प्रश्न: हा भाजला कोणी?

१०/ यातूनच गोव्यात आणि वसई परिसरात आजही सांगितली जाणारी एक कथा जन्मली. पाद्री म्हणे रात्री गावाच्या विहिरीत पाव टाकत. सकाळी लोक ते पाणी पीत आणि मग त्यांना सांगितले जाई, 'तुम्ही बाटलात.' जातभाई त्यांना परत घेत नसत आणि सारा गाव ख्रिस्ती होई. कथा इतकी परिचित आहे की ती अनेकदा सिद्ध इतिहास म्हणूनच सांगितली जाते.

११/ धर्मांतराची कागदपत्रांतून दिसणारी यंत्रणा याहून पुष्कळ व्यापक होती. १५४० मध्ये गोवा बेटावरील मंदिरे पाडली गेली. १५५९ च्या सुमारास अनाथ हिंदू मुलांना चर्चच्या ताब्यात देण्याचे आदेश निघाले. १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि थोड्या खंडाचा अपवाद वगळता १८१२ पर्यंत चालले. जमीन, नोकरी, वारसा आणि सण यांवर कायद्याने दाब आणला गेला. एवढी साधने हाती असलेल्या सत्तेला गावोगावच्या विहिरींत पाव टाकत बसण्याची गरज नव्हती.

१२/ तरीही ही कथा निरर्थक ठरत नाही. ती समाजाची भीती अचूक नोंदवते. शिवाय तिच्यातील एक धागा सहसा दुर्लक्षित राहतो. कथेनुसार पाव टाकणारा पाद्री असला, तरी पाणी प्यालेल्यांना दार बंद करणारे त्यांचेच शेजारी आणि सोयरे होते. नकळत घेतलेल्या एका घोटासाठी माणसे कायमची तोडणारा नियम पोर्तुगीजांनी केला नव्हता. कथेतला पाव हे शस्त्र असेल, तर त्याला धार जातीच्या नियमाने दिली होती.

१३/ दार उघडण्याचे प्रयत्नही झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर त्या भागातील काही ख्रिस्ती लोकांना प्रायश्चित्त देऊन परत घेतले गेले. पण शुद्ध होऊन आलेल्यांना पंगतीत बरोबरीचे स्थान मिळणे ही वेगळीच लढाई होती. दुसऱ्या बाजूला, धर्म बदलला म्हणून जात सुटली असेही घडले नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चार्डो, सुदीर हे भेद टिकून राहिले. एकाच पोदेराचा पाव खाणारी घरे एकमेकांशी सोयरीक करीत नव्हती.

१४/ पुढचा अंक मुंबईत घडतो. एकोणिसाव्या शतकात कामाच्या शोधात गोव्यातून मोठ्या संख्येने माणसे मुंबईला येऊ लागली. कोणी बोटीवर खलाशी झाले, कोणी बँडमध्ये वादक, कोणी खानसामे, तर कोणी पाववाले. गावागावाचे 'कूड' म्हणजे सामाईक निवास धोबी तलाव परिसरात उभे राहिले. इंग्रज छावणी, रुग्णालये आणि जहाजे यांना रोज पाव लागे. पुढे 'पाववाला' आणि 'माकापाव' हे शब्द गोवेकर ख्रिस्ती माणसाला हिणवण्यासाठी वापरले जाऊ लागले. पाव लोकांच्या घरात पोचला होता. तो भाजणाऱ्याला तेवढा मान मिळाला नव्हता.

१५/ याच मुंबईत १८४३ मध्ये एक प्रकरण गाजले. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी न्यायालयात जाऊन त्याचा ताबा मिळवला. मुलाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले होते. तेवढ्याने तो सनातन्यांच्या लेखी बाटला होता. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा आग्रह धरला, तेव्हा सनातन्यांचा रोष खुद्द बाळशास्त्रींवर आला. एका अल्पवयीन मुलाचे भवितव्य त्याच्या ताटाने ठरत होते.

१६/ सहा वर्षांनी काही तरुणांनी हाच नियम उलटा वापरला. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे प्रमुख प्रेरक आणि राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. एकेश्वराची उपासना आणि जातिभेदाचा त्याग ही तिची तत्त्वे. सभा पूर्णपणे गुप्त होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला एक कसोटी द्यावी लागे: ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे.

१७/ या विधीची योजना विलक्षण नेमकी आहे. जातिभेद मानत नाही असे तोंडाने म्हणणे सोपे असते आणि शपथ विसरताही येते. पण पावाचा घास गिळल्यावर, जातीच्या नियमानुसार, माणूस परत येऊ शकत नसे. ज्या कृतीने समाज एखाद्याला बाहेर काढत असे, तीच कृती हे तरुण स्वेच्छेने करीत होते. ज्या घासाने श्रीपतला घराबाहेर ठेवले, तो परमहंस सभेत प्रवेशाचा परवाना झाला.

१८/ मात्र हे सारे बंद दाराआड होते. सभासदसंख्या पुरेशी वाढेपर्यंत नावे उघड करायची नाहीत असे ठरले होते. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली आणि नावे उघड होण्याच्या भीतीने सभा विखुरली. काही जणांना समाजाच्या रोषाला तोंड द्यावे लागले. पुढे १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याने उघडपणे काम केले, पण पाव खाण्याची अट ठेवली नाही. धाडस आणि टिकाव यांतली ही निवड आजच्या वाचकाला भ्याडपणाची वाटू शकते. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला तेव्हा न्हावी, भटजी आणि मुलांसाठी स्थळेही मिळत नसत, हे लक्षात घ्यावे लागते.

१९/ धास्ती किती खोल होती याचा पुरावा आणखी तीस वर्षांनी पुण्यात मिळाला. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील एका कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह शहरातील अनेक प्रतिष्ठित उपस्थित होते. तेथे चहा-बिस्किटे ठेवली गेली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला केवळ हाती घेऊन खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात 'पंचहौद चहा ग्रामण्य' पेटले.

२०/ प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्या सुधारक सहकाऱ्यांना त्याचे तीव्र दुःख झाले. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पोचणारा आणि ब्रिटिश सत्तेला आव्हान देणारा, असे दोन्ही पुढारी एका कप चहापुढे अडले. सार्वजनिक जीवनात समतेचा उच्चार करणे आणि कोणाच्याही हातचे खाणे यांत किती अंतर होते, ते या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

२१/ मग ही धास्ती ओसरली कशी? एखाद्या परिषदेत ठराव होऊन नव्हे. शहर वाढले, कचेऱ्या, गिरण्या, आगगाड्या आल्या. घराबाहेर खाणे अपरिहार्य झाले. मराठी घरांत पाव प्रथम आजाऱ्याच्या पथ्यातून शिरला. डॉक्टरांनी सांगितले म्हणून दूध-पाव चालू लागला. औषध म्हणून आलेला पदार्थ पुढे चहासोबत राहिला. स्वयंपाकघराच्या सोवळ्यात त्याला जागा नव्हती, पण बाहेरच्या खोलीत तो खाल्ला जाऊ लागला. नियम मोडला असे कोणी म्हटले नाही. तो फक्त पाळायचा राहून गेला.

२२/ या बदलात इराणी हॉटेलांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यझ्द, केरमान भागांतून झरथुष्ट्री आणि काही मुसलमान इराणी मुंबई-पुण्यात आले. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, ब्रुन-मस्का, बन-मस्का आणि पानी कम चाय. गल्ल्यावरचा इराणी मालक गिऱ्हाइकाची जात विचारत नसे. एका टेबलावर कारकून, गिरणी कामगार आणि विद्यार्थी बसत. शेजारी कोण बसला हे ठाऊक नसताना खाणे, ही जातिव्यवस्थेच्या दृष्टीने मोठी उलथापालथ होती. ती काही आण्यांत मिळत होती.

२३/ या दुकानांच्या काचेच्या कपाटांनी पश्चिम भारताची न्याहारी बदलली. पदरापदरांची खारी, वेलचीचा वास असलेला मावा केक, नानखटाई, कडक बटर. मुंबईत कयानी अँड कंपनी १९०४ पासून सुरू आहे. पुण्याच्या लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ मध्ये सुरू झालेल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी आजही रांग लागते. श्रूजबेरी हे मूळ इंग्लंडमधील एका गावाचे नाव. ज्या पुण्यात बिस्किटांवरून ग्रामण्य झाले, तेथून पाहुण्यांसाठी भेट म्हणून बिस्किटांचा पुडा नेला जाऊ लागला. मध्ये पाऊण शतकसुद्धा गेले नव्हते.

२४/ १९६० च्या दशकात दादर स्टेशनबाहेर वडा आणि पाव एकत्र आले. त्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. गिरणगावाच्या पाळ्यांना साजेसे हे खाणे होते: स्वस्त, पोटभरीचे, ताटाशिवाय खाता येणारे. त्यासाठी लागणारी लादी पाव करणारी बेकरी मात्र नजरेआड राहिली. लादी म्हणजे ट्रेमध्ये एकमेकांना खेटून ठेवलेले गोळे. भाजताना ते चिकटतात, म्हणून त्यांच्या कडा मऊ राहतात. मध्यरात्री पीठ मळून पहाटे भट्टी रिकामी करणारे कारागीर, बहुधा उत्तर प्रदेशातून आलेले, अनेकदा त्या भट्टीशेजारीच झोपतात.

२५/ त्याच दशकात कारखान्याचा पाव आला. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली. २००० मध्ये ती हिंदुस्तान लिव्हरला विकण्यात आली. मेणकागदात गुंडाळलेला, यंत्राने कापलेला ब्रेड 'स्वच्छ' मानला गेला. माणसाचा हात न लागणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. आरोग्यशास्त्राची ही भाषा आधुनिक खरी. पण 'हात लागलेला नाही' हे आश्वासन या देशात इतक्या सहज का पटले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

२६/ आज चाक पुन्हा फिरले आहे. मुंबई, पुणे, पणजी येथील नव्या 'आर्टिसन' बेकऱ्यांत सावरडोचा एक लोफ काही शे रुपयांना मिळतो. हाताने मळलेला, नैसर्गिक आंबवणावर संथपणे फुगलेला, दगडी भट्टीत भाजलेला हे त्याचे गुण सांगितले जातात. चवीच्या दृष्टीने ते गुण खरेच आहेत आणि त्यामागे मेहनतही आहे. पण हाताने मळणे, नैसर्गिक आंबवण, लाकडी भट्टी ही तर पोदेराच्या पावाचीच लक्षणे. ज्या हातामुळे पाव एके काळी निषिद्ध होता, तोच हात आता त्याची किंमत वाढवतो.

२७/ पोदेराला मात्र त्याचा लाभ झालेला नाही. माडावर चढणारे रेंदेर दुर्मिळ झाले, त्यामुळे बहुतेक भट्ट्यांत माडीऐवजी बाजारातले यीस्ट वापरले जाते. पोदेरांची पुढची पिढी रात्रपाळीचे हे काम करण्यास उत्सुक नाही. अनेक भट्ट्या आता बाहेरून आलेले कारागीर भाड्याने चालवतात. मैदा, लाकूड, मजुरी सारे महागले, आणि पावाचा भाव एक रुपयाने वाढला तरी त्याची बातमी होते. रोजच्या अन्नाने स्वस्तच राहावे ही अपेक्षा शेवटी भाजणाऱ्याच्या मजुरीतून वसूल होते.

२८/ मुंबईत प्रश्न भट्टीचाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या सुनावणीत लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आदेशामागचे कारण खोटे नाही. भंगार लाकडाचा धूर सर्वांत आधी त्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्याच छातीत जातो. पण भट्टी बदलण्याचा खर्च छोट्या मालकाला पेलेल का, आणि न पेलल्यास लादी पाव कोण भाजणार, हे प्रश्नही तितकेच खरे आहेत. धूर जावा आणि भट्टीवाला राहावा, अशा तोडग्याचा खर्च कोणावर तरी पडणारच आहे.

२९/ चारशे वर्षे पश्चिम भारताने पाव हाती घेताना एकच प्रश्न विचारला: हा कोणी भाजला? तो प्रश्न माणसे तोडण्यासाठी विचारला जात होता, आणि तो विचारणे आपण सोडले ही मोठी सामाजिक कमाई आहे. परमहंस सभेचे तरुण जे चोरून करीत होते, ते आज प्रत्येक स्टेशनबाहेर उघड्यावर घडते.

पण प्रश्न सुटता सुटता भाजणाराही नजरेआड झाला. आता तोच प्रश्न वेगळ्या हेतूने विचारता येईल. पाव कोणी भाजला, तो रात्री किती वाजता उठला, आणि त्याच्या हाती त्यातले किती पडले?

(धागा समाप्त)

तुमच्या गावातली सर्वांत जुनी बेकरी कोणती आणि ती कोणी सुरू केली, हे ठाऊक असल्यास खाली जरूर लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर 'आमच्याकडे पाव पहिल्यांदा कधी आला' याच्या आठवणीही मिळतील. असा इतिहास बहुधा कोणत्याच दप्तरखान्यात नसतो.